नाचघरातले क्लॅरिनेट आणि मोझार्ट: बेनी गुडमनच्या दुहेरी वाटचालीचे प्रकरण

नाचाच्या संगीतात नाव कमावलेला अमेरिकन बँडप्रमुख बेनी गुडमन क्लॅरिनेट हे फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य घेऊन अभिजात संगीताकडे कसा वळला, त्याचे हे प्रकरण आहे. प्रकरण अभ्यासात माणसांची नावे झाकून ठेवण्याचा प्रघात आहे. येथे मुख्य माणसे सार्वजनिक इतिहासातली असल्यामुळे ती झाकण्यात अर्थ नाही; ज्या वादकांचा संबंध केवळ एका फसलेल्या सकाळीपुरता आला, त्यांची नावे मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत. या लेखात ‘अभिजात’ म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत, एवढेही सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

पार्श्वभूमी

साधारण १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत अमेरिकेत जे लोकप्रिय संगीत होते ते जॅझच्या ‘स्विंग’ या प्रकारातले होते. बारा-पंधरा वादकांचा बँड, त्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे एकमेकांशी सवाल-जवाब करणारे, खाली पियानो, गिटार, बास आणि ड्रम यांची न थांबणारी लय, आणि मधूनच एखादा वादक उभा राहून स्वतःच्या मनाने घेतलेली तान, असे त्याचे रूप होते. हे संगीत बसून ऐकण्याचे नव्हते, ते नाचण्याचे होते. आज जॅझ ऐकायला लोक तिकीट काढून शांत बसतात, त्यामुळे ही गोष्ट सहज विसरली जाते.

बेनी गुडमनचा जन्म ३० मे १९०९ रोजी शिकागोत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. घरात माणसे पुष्कळ आणि पैसा थोडा. पहिले क्लॅरिनेट त्याच्या हातात आले ते सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, मुलांच्या बँडमध्ये. पुढे सुमारे दोन वर्षे तो फ्रांझ शेप या जर्मन परंपरेतल्या शिक्षकाकडे शिकला. शेपची एक सवय या प्रकरणात महत्त्वाची आहे. एका विद्यार्थ्याचा धडा संपला की तो त्याला थांबवून घेई आणि पुढच्या विद्यार्थ्याबरोबर जोडवादन करायला लावी. शिष्याचा रंग तो पाहत नसे. त्या काळच्या शिकागोत हे सर्रास घडत नव्हते. त्यामुळे लहान बेनीबरोबर जोडवादनाला बसलेल्यांत मेम्फिसहून आलेला, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा बस्टर बेली हा कृष्णवर्णीय वादकही होता.

सोळाव्या वर्षी गुडमन व्यावसायिक बँडमध्ये गेला आणि शेपच्या खोलीतली शिस्तबद्ध तालीम मागेच राहिली. डिसेंबर १९३४ पासून शनिवारी रात्री त्याचा बँड रेडिओवर वाजू लागला. या बँडचा कणा असलेली बरीचशी संयोजने, म्हणजे कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवायचे याच्या लेखी मांडण्या, फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय बँडप्रमुखाने लिहिलेली होती. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात जमलेल्या तरुण गर्दीने तीच संयोजने डोक्यावर घेतली. स्विंगचे युग सुरू झाल्याची तारीख म्हणून हीच रात्र सांगितली जाते. १९३७ च्या मार्चमध्ये हा बँड न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात सकाळपासून खेळामागून खेळ वाजवत होता आणि रात्री हॉटेलात नाचासाठी बसत होता. अशा दिवसात एका लांब सुरावर शांतपणे मेहनत करायला वेळ कुठला असणार?

अडचण कोठे होती

जॉन हॅमंड हा जॅझचा जाणकार, समीक्षक आणि ध्वनिमुद्रणांचा निर्माता होता, आणि हौसेने व्हायोलाही वाजवत असे. मोझार्टचे क्लॅरिनेट आणि तंतुवाद्यांच्या चौकडीसाठीचे पंचवादन गुडमनने वाजवावे, असा आग्रह त्याने धरला. १९३५ च्या सुमारास हॅमंडच्या घरच्या बैठकीत, पाहुण्यांसमोर, हौशी चौकडीबरोबर ते वाजवलेही गेले. घरच्या बैठकीत ते निभावले.

त्यानंतर एका नामवंत युरोपीय चौकडीबरोबर ते ध्वनिमुद्रित करण्याचे ठरले. आदल्या रात्री गुडमन दुसऱ्या गावी नाचाचा कार्यक्रम करत होता. तेथून रात्रभर प्रवास करून तो सकाळी सरळ ध्वनिमुद्रणाला हजर झाला. थोड्याच वेळात हे आपल्याने होणार नाही हे त्याला कळले, आणि त्याने बैठक सोडली. चौकडीचा त्यात काही दोष नव्हता.

नेमके काय अडले असेल, हे त्या रचनेची सुरुवात ऐकली की समजते. पहिली सहा मापे (तालाची आवर्तने) चार तंतुवाद्ये अतिशय संयत, प्रार्थनेसारखी स्वरवाक्ये वाजवतात, आणि सातव्या मापात क्लॅरिनेट एकटे खालून वर चढत आणि परत उतरत प्रवेश करते. स्वर थोडेच आहेत, आणि वेगही फारसा नाही. पण त्या प्रवेशात आड घ्यायला काहीच नाही. स्विंगमध्ये वादक सूर किंचित उशिरा धरतो, वाकवतो, त्याला कंप देतो, मधेच खरखरीत करतो, आणि त्याच लकबींवर श्रोता त्याला ओळखतो. येथे तशी प्रत्येक लकब डाग म्हणून ऐकू येते. दुसऱ्या, संथ भागात तर व्हायोलिने आवाज मंदावून खाली राहतात आणि क्लॅरिनेटला लांब श्वासाची एकच धून संथपणे न्यावी लागते. ठुमरीत मुरलेल्या गळ्याला अचानक ध्रुपदाचा आलाप करायला सांगावा, तशातला हा प्रकार होता. गळा तयार असतो, सूरही पक्का असतो, पण आवाज लावण्याची जागाच निराळी असते.

तेव्हा अडचण आवडीनिवडीची नव्हती. हा वादक दोन्ही प्रकारांवर प्रेम करत होता. त्याच्या ओठांची ठेवण, फुंक आणि दिनक्रम हे सगळे नाचघराच्या गरजांवर बेतलेले होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत चालणारा होता, तो म्हणजे अभिजात धुनांना स्विंगचे कपडे चढवणे. टॉमी डॉर्सीच्या बँडने १९३७ मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘साद्को’ या ऑपेरातील हिंदुस्थानी पाहुण्याचे गीत नाचाच्या चालीत वाजवून मोठे यश मिळवले होते. कॉपीराइट नाही, धून आधीच ओळखीची, आणि नाचणाऱ्यांना काही नवे शिकायला लागत नाही, अशी ही तिहेरी सोय होती. त्यावर ओरडही झाली. बाखच्या रचना अशा वाजवल्या जाऊ नयेत म्हणून न्यू जर्सीतल्या बाखप्रेमींच्या मंडळाने १९३८ मध्ये सरकारच्या दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली होती. मला ही ओरड थोडी फुकट वाटते, कारण बाखला त्याने काही झाले नाही. पण या वाटेने वादकाचे वादन बदलत नाही, हे खरे.

दुसरा पर्याय बँडप्रमुख पॉल व्हाइटमनने १९२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एओलियन सभागृहात घालून दिला होता. जॅझच्या बँडला तंतुवाद्यांची जोड द्यावी, मोठ्या रचना लिहून घ्याव्यात, आणि जॅझ ‘सुधारले’ असे लोकांना सांगावे, असा तो प्रयोग होता. त्यातून संगीतकार गेर्श्विनची एक चिरंजीव रचना जन्मली, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागते. पण गुडमनच्या बँडचा जीव त्याच्या उडत्या लयीत होता, आणि तो या वाटेवर गुदमरला असता.

तिसरा पर्याय म्हणजे दोन्ही संगीते एकमेकांत न मिसळता, ज्याचे त्याला देऊन वाजवणे. चौथा पर्याय थोर संगीतकाराकडून आपल्यासाठी नवी रचना लिहून घेणे. आणि काहीच न करता नाचघरातच राहणे हाही एक पर्याय होताच, आणि पैशाच्या हिशेबाने तो सर्वांत शहाणपणाचा होता.

पहिला निर्णय: सभागृह

कार्नेगी हॉल या न्यूयॉर्कच्या नामांकित सभागृहात मैफल करावी ही कल्पना मुळात संगीताच्या चिंतनातून आलेली नव्हती. गुडमनच्या रेडिओ कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी एका प्रचारकाने ती काढली, आणि अभिजात संगीताचे नामांकित आयोजक सोल ह्युरॉक यांनी मैफल भरवली. तिकीट सर्वाधिक पावणेतीन डॉलर होते. सुमारे २,७६० जागा भरल्या आणि शंभराच्या आसपास माणसांना रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसवावे लागले. लोक नाचल्याशिवाय दोन तास बसतील का, याची गुडमनला इतकी धास्ती होती की मध्ये एखाद्या विनोदी कलावंतिणीला उभे करण्याचा विचारही त्याने करून पाहिला. मध्यंतर किती वेळाचे हवे असे विचारल्यावर, वाद्यवृंदाचा विख्यात दिग्दर्शक तोस्कानिनी किती घेतो, असे त्याने उलट विचारल्याचा किस्सा आजही सांगितला जातो.

१६ जानेवारी १९३८ च्या त्या रात्री त्याने एक गोष्ट अचूक केली. मोठ्या सभागृहात आलो म्हणून त्याने वादनाचा बाज बदलला नाही. काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमधले कृष्णवर्णीय वादक त्याने रंगमंचावर आपल्या वादकांबरोबर बसवले, आणि त्याच्या स्वतःच्या जॅझ चौकडीत टेडी विल्सन व लायोनेल हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय वादक होतेच. शेवटच्या बारा मिनिटांच्या रचनेत ड्रमचा गदारोळ ओसरल्यावर पियानोवादक जेस स्टेसीला अचानक खूण मिळाली, आणि त्याने सुमारे दोन मिनिटे जे हळुवार, आत वळलेले वादन केले, ते पूर्वनियोजित नव्हते. स्विंगला अभिजात सभागृहात शोभणारे काही जवळ आहे का, या प्रश्नाला त्या रात्रीचे सर्वांत चांगले उत्तर स्टेसीने दिले, असे माझे मत आहे. आणि त्याने ते कोणत्याही अभिजात धुनेचा आधार न घेता दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ समीक्षक ओलिन डाउन्स मात्र प्रभावित झाले नाहीत.

कार्नेगी हॉलमध्ये लोकप्रिय संगीत प्रथमच आले, असा समज रूढ आहे. तो चूक आहे. जेम्स रीझ युरोपने आपल्या कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाद्यवृंद २ मे १९१२ रोजीच तेथे वाजवला होता.

दुसरा निर्णय: मोझार्ट पुन्हा

मैफलीनंतर दोनच दिवसांनी, आपल्याच रेडिओ कार्यक्रमात, गुडमनने एका चौकडीबरोबर मोझार्टच्या पंचवादनाचा एक भाग वाजवला. म्हणजे नाचाच्या सुरांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांच्या घरात, सिगारेटच्या जाहिरातींच्या मध्ये, मोझार्ट पोहोचला. पूर्ण रचनेऐवजी एकच भाग आणि तोही ओळखीच्या श्रोत्यांसमोर, ही योजना पहिल्या फसलेल्या प्रयत्नापेक्षा कितीतरी विचारी होती. २५ एप्रिल १९३८ रोजी बुडापेस्ट चौकडीबरोबर संपूर्ण पंचवादनाचे ध्वनिमुद्रण झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर जाहीर वादनही झाले.

त्या तबकड्या आज ऐकताना दोन गोष्टी जाणवतात. वादन स्वच्छ आहे, सूर नेमके आहेत, आणि स्विंगची एकही लकब चुकून डोकावत नाही. पण हा वादक जणू श्वास रोखून वाजवत आहे. स्वतःच्या बँडपुढे उभा राहिल्यावर त्याच्या अंगात येणारी मोकळीक येथे नाही. चूक होऊ नये हेच उद्दिष्ट ठेवले की असे होते.

तिसरा निर्णय: नवी रचना मागवणे

१९३८ च्या उन्हाळ्यात हंगेरियन व्हायोलिनवादक योझेफ सिगेती याच्याशी बोलून गुडमनने हंगेरियन संगीतकार बेला बार्टोककडून व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पियानो यांच्यासाठी रचना लिहून घेण्याचे ठरवले. मोबदला ३०० डॉलर होता आणि तो गुडमनने दिला. सिगेतीने बार्टोकला ऑगस्टमध्ये पाठवलेल्या पत्रात रचनेचे माप कळवले. सहा-सात मिनिटांची, दोन भागांची रचना हवी होती, आणि प्रत्येक भाग बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावायला हवा होता. त्या काळी अशा एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत बसत असे.

हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा टप्पा आहे. मागणी संगीताच्या भाषेत नव्हती, ती तबकडीच्या मापात होती. बार्टोकने २४ सप्टेंबरला रचना पूर्ण केली तेव्हा ती तीन भागांची आणि सुमारे सतरा मिनिटांची झाली होती. विक्रेता सहसा ठरल्यापेक्षा कमी माल देतो, पण दोन वर्षांच्या बाळाचा पोशाख मागितल्यावर मोठ्या माणसाचा पाठवला तर ते औदार्य गोड वाटेलच असे नाही, अशा अर्थाची थट्टा त्याने स्वतःच पत्रात केली.

पोशाख खरोखरच मोठ्या माणसाचा होता. पहिला भाग हंगेरीत सैन्यभरतीच्या वेळी नाचत असत त्या नाचाच्या चालीवरचा, आणि त्याच्या शेवटी क्लॅरिनेटला एकट्याने भरारी घ्यायची मोकळीक. दुसरा भाग विसाव्याचा. तिसऱ्या, द्रुत भागाची सुरुवात मुद्दाम वेगळ्या सुरांत लावलेल्या व्हायोलिनवर होते, आणि मध्यावर तेरा मात्रांचे आवर्तन येते, ३+२+३+२+३ असे. झपतालाचे २+३+२+३ कानात बसलेल्या आपल्या श्रोत्याला ते मोजायला जड जाणार नाही. चार-चारच्या सरळ ठेक्यावर वर्षे काढलेल्या बँडप्रमुखाला मात्र ते नव्याने शिकावे लागले असणार. येथे त्याला कुठेही जॅझचे सोंग आणायला सांगितलेले नव्हते. नाचाच्या तालाचे त्याचे ज्ञान उपयोगाला येत होते, पण नाच हंगेरीचा होता.

९ जानेवारी १९३९ रोजी कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक एंद्रे पेट्री याच्या साथीने पहिला प्रयोग झाला तेव्हा फक्त पहिला आणि शेवटचा भाग वाजवण्यात आला. संपूर्ण रचना १९४० मध्ये, बार्टोक स्वतः पियानोवर असताना, वाजवली गेली आणि ध्वनिमुद्रितही झाली. एका तबकडीच्या दोन बाजूंसाठी मागवलेली रचना अखेर दोन तबकड्यांवर गेली.

निष्पत्ती

डिसेंबर १९४० मध्ये गुडमनने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर बार्बिरोलीच्या दिग्दर्शनाखाली वाजवले. पुढे, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याच्याच मागणीवरून कोपलंड आणि हिंडेमिथ या संगीतकारांनी क्लॅरिनेटसाठी कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, लिहिले. विसाव्या शतकातल्या क्लॅरिनेटच्या साहित्यातला मोठा वाटा असा नाचघराच्या कमाईतून उभा राहिला, आणि आज ज्या विद्यार्थ्यांनी स्विंग कधी वाजवलेले नाही, त्यांच्याही अभ्यासक्रमात या रचना आहेत.

वादकाच्या स्वतःच्या हिशेबात मात्र शिल्लक बाकी होती. १९४९ मध्ये, चाळिशीत, जगभर नाव झाल्यावर, गुडमन इंग्लिश क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल याच्याकडे विद्यार्थी म्हणून गेला. तीस वर्षे तो वाद्याचे मुख वरचे दात आणि खालचा ओठ यांच्यामध्ये धरत आला होता. केलने त्याला दोन्ही ओठ दातांवरून आत घेऊन धरायला शिकवले. बोटांची ठेवणही बदलली, आणि बोटांवरचे जुने घट्टे काढून टाकावे लागले. केल स्वतः अभिजात वादनात कंप वापरतो म्हणून कर्मठांची टीका सोसणारा वादक होता. त्यामुळे गुडमनने निवडलेला गुरू सोवळ्यातला नव्हता, हे लक्षात घ्यावे.

वेगळे काय करता आले असते

केलकडे जाण्याची पायरी अकरा वर्षे आधी यायला हवी होती, हे आज सहज म्हणता येते. १९३८ मध्ये तो ओठांची ठेवण बदलायला बसला असता तर काही महिने, कदाचित वर्षभर, त्याचा ओळखीचा सूर गेला असता. आणि पंधरा माणसांचा पगार त्या सुरावर चालत होता. म्हणून त्याने त्या वेळी घेतलेला निर्णय मला चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. निदान पहिल्या ध्वनिमुद्रणाआधी चार मोकळे दिवस ठेवणे आणि चौकडीबरोबर तालीम करणे हे त्याच्या हातात होते.

बार्टोकच्या बाबतीत मात्र माप आधी सांगूनही ते मोडले गेले, हेच बरे झाले. पैसे देणाऱ्याने तक्रार केली असती किंवा रचना कापून मागितली असती तर सगळ्यांचेच नुकसान होते. पहिल्या प्रयोगात दोनच भाग वाजवून, मधला भाग पुढे ठेवून, सर्वांनी जी सबुरी दाखवली ती महत्त्वाची ठरली.

मुंबईतल्या त्याच वर्षांकडे पाहिले की हा सगळा पेच थोडा वेगळा दिसू लागतो. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड वाजत होता, आणि त्याच वर्षी मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी हा अभिजात वाद्यवृंद उभा केला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक हॉटेलांच्या बँडमध्ये, अभिजात वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात, जेथे काम मिळेल तेथे बसत. त्यांना दोन्हीकडे वाजवण्यासाठी कोणी निर्णय घ्यायला लावला नाही. घर चालवायचे होते. बक्षिसे कोणी दिली नाहीत आणि समीक्षाही कोणी लिहिली नाही.

आणि शेपच्या खोलीत जोडवादनाला बसलेला दुसरा विद्यार्थी. बस्टर बेलीचे शिक्षण गुडमनसारखेच होते आणि सिंफनीत बसण्याची त्याची इच्छाही होती. पण त्या काळच्या वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादकाला जागा नव्हती. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पहिला कृष्णवर्णीय कायम सदस्य १९६२ मध्ये आला. बेली फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये वाजवत राहिला, म्हणजे गुडमनला ज्यांनी प्रसिद्धी दिली त्या संयोजनांच्या माहेरी. पुढे जॉन कर्बीच्या सहा वादकांच्या मेळात तो शूबर्ट आणि शोपँ यांच्या धुना नेटक्या, हलक्या स्विंगमध्ये वाजवत असे. गुडमनने बाजूला ठेवलेला पहिला पर्याय बेलीला तेवढा एकच उपलब्ध होता. त्या तबकड्यांत त्याचे क्लॅरिनेट ऐकावे. बोटे इतकी सफाईदार चालतात, आणि प्रत्येक सूर इतका गोल आणि सरळ आहे, की शेपच्या खोलीतला धडा त्यात अजून ऐकू येतो.